पाच पोर्टांचं इंजिन

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, म्हणजे बीएमसीच्या ए-सिरीज इंजिनाचं हेड उतरवून टेबलावर आडवं ठेवलं की एका बाजूला वायूच्या वाटांचे पाच पोर्ट दिसतात, दुसऱ्या बाजूला एकही नाही. सिलिंडर चार आहेत आणि प्रत्येकाला एक इनलेट, एक एक्झॉस्ट असे व्हॉल्व्हही आठ आहेत. पण पेट्रोल-हवेचं मिश्रण आत नेणारे पोर्ट दोनच आणि जळालेला वायू बाहेर सोडणारे तीन. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरला मिळून एक इनलेट, तिसऱ्या आणि चौथ्याला मिळून एक. मधल्या दोन सिलिंडरांचा धूरही एकाच वाटेने बाहेर पडतो. ऑस्टिन ए-३० या छोट्या कौटुंबिक गाडीसाठी १९५१ मध्ये हे इंजिन पुढे आलं, तेव्हा ते ८०३ सीसीचं होतं. स्वस्तात ओतता यावं, कुठल्याही गॅरेजात दुरुस्त व्हावं आणि पेट्रोल कमी खावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

याच इंजिनाने १९६४, १९६५ आणि १९६७ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. ब्रिटिश सलून कार स्पर्धेचं विजेतेपद १९६१, १९६२, १९६९, १९७८ आणि १९७९ मध्ये मिनीला मिळालं, तेही याच इंजिनाच्या जोरावर. लाँगब्रिजच्या कारखान्यातून शेवटची जुन्या घडणीची मिनी ४ ऑक्टोबर २००० रोजी बाहेर पडली, तेव्हाही बॉनेटखाली हीच पाच पोर्टांची रचना होती.

जुन्या गाडीच्या इंजिनात त्याच काळातले भाग बसवून ताकद वाढवणं हा आज जगभर पसरलेला छंद आहे, आणि त्याचा खरा धडा या इंजिनाइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच मिळतो. इथे सुटे भाग विपुल आहेत, कागदपत्रं शाबूत आहेत आणि कोणत्या बदलाने काय साधलं हे साठ वर्षांच्या अनुभवाने ठरलेलं आहे. शिवाय अडचण सगळ्यांची एकच होती, ती म्हणजे हे पाच पोर्ट. त्यावर ज्याने जी तोड काढली, ती धातूत कोरलेली आजही पाहता येते.

‘त्या काळातले भाग’ म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवावं लागतं. नुसता जुना भाग पुरत नाही. ऐतिहासिक मोटार शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाची, म्हणजे एफआयएची ‘अपेंडिक्स के’ नावाची नियमावली आहे. तिने गाड्यांचे कालखंड पाडले आहेत. १९४७ ते १९६१ हा ‘ई’, १९६२ ते १९६५ हा ‘एफ’, त्यापुढे ‘जी’. ज्या कालखंडात गाडी नोंदवायची, त्या कालखंडात तो भाग त्या मॉडेलवर वापरात होता आणि मान्यताप्राप्त होता, याचा पुरावा लागतो. आर्डेन या कंपनीचं आठ पोर्टांचं हेड हे याचं चांगलं उदाहरण. अ‍ॅलेक पूल याने आर्डेनच्या ९७० सीसी मिनीत बसून १९६९ चं ब्रिटिश विजेतेपद जिंकलं. ते हेड अस्सल साठच्या दशकातलं आहे, दुर्मीळ आहे, देखणंही आहे. पण १९६५ च्या मिनीवर ते लावलं तर गाडी खोटी ठरते. चार वर्षांचा हा फरक बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. या क्षेत्रात तो निर्णायक असतो, आणि तसाच असायला हवा.

मिनी २६ ऑगस्ट १९५९ रोजी लोकांसमोर आली. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्याखाली, इंजिनाच्याच तेलात ठेवला. ८४८ सीसी, ३४ अश्वशक्ती. इसिगोनिस यांच्या दृष्टीने ही सामान्य कुटुंबाची गाडी होती. जॉन कूपर यांना मात्र तीत वेगळंच दिसलं. त्यांच्या सर्बिटनच्या छोट्याशा कंपनीने १९५९ आणि १९६० असं सलग दोनदा फॉर्म्युला वनचं विजेतेपद मिळवलं होतं, आणि फॉर्म्युला ज्युनिअरच्या शर्यतींसाठी ए-सिरीज इंजिन ते आधीपासून घडवत होते. त्यांनी बीएमसीचे प्रमुख जॉर्ज हॅरिमन यांना गाठलं. प्रत्येक गाडीमागे दोन पौंड मानधन ठरलं आणि १९६१ मध्ये मिनी कूपर बाजारात आली. ९९७ सीसी, ५५ अश्वशक्ती, सव्वा इंची दोन एसयू कार्बोरेटर आणि पुढच्या चाकांना सात इंची डिस्क ब्रेक.

पुढची पायरी १९६३ ची. कूपर एस या गाडीसाठी इंजिनाचा गाभाच बदलला. मूळ ब्लॉकमध्ये चार सिलिंडर इतके दाटीने होते की भोक फार मोठं करता येत नव्हतं. म्हणून कडेचे दोन सिलिंडर किंचित बाहेर सरकवले, मधले दोन एकमेकांजवळ आणले आणि ७०.६ मिलिमीटरचा बोअर मिळवला. मग त्याच बोअरवर पिस्टनची धाव बदलून तीन इंजिनं तयार झाली. ६८.२६ मिलिमीटर धावेचं १०७१ सीसी, ६१.९१ चं ९७० सीसी आणि ८१.३३ चं १२७५ सीसी. ९७० आणि १२७५ सीसीमागचं कारण उघड होतं. शर्यतींचे गट १००० आणि १३०० सीसीचे होते, आणि प्रत्येक गटाच्या कमाल मर्यादेला भिडणारी गाडी हवी होती. पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांनी १९६४ ची मॉन्टे कार्लो ज्या गाडीतून जिंकली, ती १०७१ सीसीची होती.

कारखान्याने कूपर एसला क्रँक दिला तो ईएन ४० बी पोलादाचा, नायट्रायडिंग करून पृष्ठभाग कडक केलेला. व्हॉल्व्ह निमॉनिक या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे. म्हणजे ताकद वाढवण्याआधी ती पेलण्याची तयारी केली होती. आजही कूपर एसचा मूळ क्रँक सापडला की जाणकार तो तडा तपासायला पाठवतात आणि चांगला निघाला तर जपून ठेवतात.

पण खरी कारागिरी हेडमध्ये आहे.

इंजिनाची ताकद म्हणजे शेवटी एका सेकंदात किती हवा आत जाते याचा हिशेब. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं. ते जाळायला हवा मिळवणं अवघड. साध्या ८४८ सीसी मिनीचा इनलेट व्हॉल्व्ह २७.८ मिलिमीटर व्यासाचा, कूपर एसचा ३५.६ चा. व्यासातला फरक आठ मिलिमीटरांहून कमी असला तरी क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढतं. मात्र त्याची किंमत होती. एस हेडमध्ये मोठा इनलेट आणि मोठा एक्झॉस्ट शेजारी-शेजारी बसवल्यावर दोघांमध्ये इतका कमी धातू उरला की तापून तापून तिथे तडा जाणं हा या हेडचा ठरलेला आजार झाला. म्हणून पुढच्या काळातल्या जाणकारांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा लहान ठेवायचा सल्ला दिला. गरम वायू सिलिंडरच्या दाबाने स्वतःच बाहेर पडतो. मदतीची गरज आत येणाऱ्या थंड हवेला असते.

आता त्या सामाईक पोर्टाकडे वळू. ए-सिरीजचा फायरिंग क्रम १-३-४-२. दुसरा सिलिंडर मिश्रण ओढू लागला की क्रँकच्या अर्ध्या फेऱ्यात पहिलाही ओढू लागतो, आणि दोघांची वाट एकच. एकाच नळावर दोन बिऱ्हाडं पाणी भरत असावीत आणि पहिलीची कळशी भरत आलेली असतानाच दुसरीने आपली पुढे करावी, तसं हे होतं. त्यानंतर क्रँकचा जवळपास एक फेरा त्या पोर्टात काहीच हालचाल नसते. साहजिकच आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांना मिश्रण सारखं मिळत नाही. हा दोष पुसून टाकता येत नाही, कमी करता येतो. पोर्टाला कुठे वळण द्यायचं, दोन व्हॉल्व्हांच्या मधली भिंत किती तासायची, व्हॉल्व्ह गाइडचा पुढे आलेला भाग किती ठेवायचा, हे सगळं त्यासाठीच ठरवलं जातं.

या विद्येचं एक गाव होतं. इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यात, सॉल्सबरीजवळ डाउनटन. तिथे डॅनियल रिचमंड आणि त्यांची पत्नी बंटी यांनी डाउनटन इंजिनिअरिंग उभं केलं. मिनीचं हेड घेऊन ते पोर्ट हाताने तासत, ज्वलनकक्षाचा आकार सुधारत आणि गाडी अशी परत देत की ती जोरात पळे आणि शहरातही सरळ चाले. रिचमंड यांचं कसब बीएमसीनेही जाणलं आणि कूपर एसच्या हेडच्या विकासात त्यांचा सल्ला घेतला. १९७४ मध्ये ते वारले. त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक पुढे स्वतंत्र झाले. यान ओडोर यांनी जॅनस्पीड काढली. १९७८ आणि १९७९ चं ब्रिटिश विजेतेपद मिनीतून जिंकणारे रिचर्ड लाँगमनही डाउनटनमध्येच तयार झालेले. मोटारींच्या इतिहासात शर्यत जिंकणाऱ्या चालकाचं नाव मोठ्या अक्षरांत येतं आणि हेड घासणाऱ्याचं तळटीपेत. गुडवुड या शर्यतमार्गाने २०१९ मध्ये फक्त मिनींची शर्यत भरवली आणि तिच्या करंडकाला बेटी रिचमंड, म्हणजे या बंटीबाईंचंच नाव दिलं. ती दखल फार उशिरा, पण योग्य माणसाची घेतली गेली.

हेड तयार करताना मोजमाप कसं चालतं, ते एकदा समजून घेण्यासारखं आहे. व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग बसवून हेड उलटं ठेवतात. ज्वलनकक्षावर मधे भोक असलेली काच ग्रीस लावून चिकटवतात आणि ब्युरेटमधून रॉकेल सोडतात. कक्ष भरला की किती रॉकेल गेलं, ते वाचून लिहून ठेवायचं. चारही कक्षांचा आकडा सारखा आला पाहिजे. जो कमी भरतो, तो अगदी थोडा तासायचा. १२७५ सीसी इंजिनात एका सिलिंडरचा वाटा सुमारे ३१९ सीसी. कूपर एसचं मूळ कॉम्प्रेशन ९.७५, म्हणजे पिस्टन वर आल्यावर वरची एकूण जागा ३६.४ सीसी. ती ३३.६ वर आणली की कॉम्प्रेशन साडेदहा होतं. म्हणजे फक्त २.८ सीसीचा, अर्ध्या चमच्याएवढा खेळ. हेडचा तळ जास्त घासला गेला तर हा आकडा सहज ओलांडतो, मग साध्या पेट्रोलवर इंजिन ठोकू लागतं आणि पिस्टन जातात. हेड एकदा जास्त उतरलं की ते परत वाढत नाही. म्हणून जाणता कारागीर मशीनवर चढवण्याआधी मोजतो आणि उतरवल्यावर पुन्हा मोजतो.

हेडनंतर कॅमशाफ्ट. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उचलायचा, कधी बंद करायचा, हे त्याच्यावरचे उंचवटे ठरवतात. ८४८ सीसी मिनीच्या मूळ कॅममध्ये इनलेट व्हॉल्व्ह क्रँकच्या २३० अंशांपर्यंत उघडा राहतो. बीएमसीच्या अ‍ॅबिंग्डन इथल्या स्पेशल ट्यूनिंग विभागाच्या यादीत शर्यतीसाठी एक कॅम होता, ज्याचा भागक्रमांक आजही नुसता ‘६४९’ म्हणून ओळखला जातो. त्यात हा कालावधी ३०० अंश. पिस्टन खाली पोहोचून पुन्हा वर निघाला, तरी आत येणाऱ्या हवेला गती असते, म्हणून व्हॉल्व्ह उशिरापर्यंत उघडा ठेवला तर ती आणखी शिरत राहते. पण ही गती फक्त वेगात चालणाऱ्या इंजिनातच असते. कमी फेऱ्यांवर तीच हवा उलटी कार्बोरेटरकडे ढकलली जाते. त्यामुळे ६४९ लावलेली मिनी सिग्नलला उभी असताना लंगडत चालते आणि इंजिनाचे फेरे चढेपर्यंत तिला पिकअप नसतो.

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. शर्यतीतल्या गाडीवर काय लावलं होतं हे वाचून तोच कॅम रस्त्यावरच्या गाडीत घालतात, आणि मग ती गाडी चालवायला नकोशी होते. कूपर एस कारखान्यातून बाहेर पडताना तिच्यातही इनलेटचा कालावधी २३० अंशच होता. फक्त एक्झॉस्टला २५२ अंश दिले होते. बीएमसीच्या इंजिनिअरांनी मोठे व्हॉल्व्ह आणि सौम्य कॅम अशी जोडी निवडली. ज्यांना पुण्या-मुंबईच्या रहदारीसारख्या रस्त्यांवर गाडी न्यायची आहे, त्यांच्यासाठी आजही हीच जोडी शहाणपणाची.

कार्बोरेटरच्या बाबतीत दोन पंथ आहेत. एसयू कार्बोरेटरची रचना स्किनर बंधूंची, १९०५ च्या सुमाराची. आतला पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे आपोआप वर-खाली होतो आणि त्याला लावलेली निमुळती सुई जेटमध्ये सरकून पेट्रोल मोजते. त्या सुईच्या जाडीतले सूक्ष्म फरक म्हणजेच ट्यूनिंग. सुयांना अक्षरांची नावं आहेत, आणि अनुभवी मेस्त्री प्लगच्या टोकाचा रंग पाहून सुई बदलतो. दुसरा पंथ वेबरचा. बोलोन्याच्या एदोआर्दो वेबर यांच्या कंपनीचा ४५ डीसीओई हा आडवा, दोन नळ्यांचा कार्बोरेटर साठच्या दशकातल्या शर्यतींत सर्वत्र दिसे. ए-सिरीजवर तो कालसुसंगत आहे, वरच्या फेऱ्यांत ताकदही देतो. पण मिनीत कार्बोरेटर इंजिनाच्या मागे, चालकाच्या बाजूला असतात. वेबर बसवायला पत्रा कापून आत पेटी काढावी लागते, मधल्या स्पीडोमीटरची जागा जाते. शर्यतीच्या गाडीचा तो इतिहासच असेल तर ठीक. न कापलेली मूळ बॉडी मात्र दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालली आहे, आणि चार-पाच अश्वशक्तींसाठी ती कापणं हा वाईट सौदा आहे. चांगल्या हेडवर दीड इंची दोन एसयू पुरेसे आहेत.

सायलेन्सरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डमध्येही तोच पाच पोर्टांचा प्रश्न. मधल्या सामाईक एक्झॉस्टचा पाइप लांब ठेवून कडेच्या दोघांना आधी एकत्र आणायचं, ही ‘लाँग सेंटर ब्रँच’ रचना मिनीवाल्यांत घरोघरी ठाऊक आहे. डोळ्यांना साधी तीन पाइपांची जोडणी दिसते, पण खर्चाच्या मानाने फायदा देणारा बदल हाच.

आता जुन्याच्या आड लपवलेल्या नव्याचा प्रश्न. साठच्या दशकात पेट्रोलमध्ये शिसं असे आणि ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरून तिची झीज थांबवी. ब्रिटनमध्ये २००० च्या सुरुवातीला शिशाचं पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेलं, भारतातही त्याच वर्षी. त्यानंतर बिडाच्या हेडमध्ये कडक पोलादी सीट ठोकून बसवणं हा उपाय रूढ झाला. तो बाहेरून दिसत नाही, गाडीचा स्वभाव बदलत नाही आणि हेड वाचवतो. त्याला विरोध करणं हट्टीपणाचं आहे. तेच पेट्रोलच्या रबरी नळ्यांचं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारी नळी लावलीच पाहिजे, कारण जुनं रबर मऊ होऊन गळतं आणि गरम मॅनिफोल्ड खालीच असतो. तेल निवडतानाही जुन्या सपाट टॅपेटांना पुरेसं झिंक असलेलं तेल लागतं, आणि मिनीत तेच तेल गिअरांनाही पुरवायचं असतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र टाळलेलं बरं. लुकासचा डिस्ट्रिब्युटर घट्ट असेल, पॉइंटांची फट नीट ठेवली असेल, तर रस्त्यावर चालणाऱ्या इंजिनाला तो कुठेही कमी पडत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला मिनी क्वचित दिसेल, पण तिचं थोरलं भावंड त्याने शेकडो वेळा पाहिलं आहे. हिंदुस्तान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये अनेक वर्षं १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते बीएमसीच्या बी-सिरीजचं. ७३ मिलिमीटर बोअर, ८८.९ मिलिमीटर धाव. एमजीए या नावाजलेल्या स्पोर्ट्स कारच्या पहिल्या इंजिनाचीही मापं हीच. दोन एसयू कार्बोरेटर आणि स्पोर्ट्स कारला साजेसं ट्यूनिंग घेऊन एमजीएने त्यातून ७२ अश्वशक्तीपर्यंत मजल मारली. सरकारी ताफ्यातल्या अ‍ॅम्बेसेडरला तेवढी कधीच लागली नाही. तिथेही हेडला पोर्ट पाचच. म्हणजे ब्युरेटचं मोजमाप, सुईची निवड, कॅमचा हिशेब हे सगळं ज्ञान अ‍ॅम्बेसेडरवाल्याला जसंच्या तसं उपयोगी पडतं, आणि त्यासाठी परदेशी गाडी आणावी लागत नाही.

भारतात मात्र एक कायदेशीर बाजू आधी पाहायला हवी. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तेव्हा ज्यांच्या दारात जुनी अ‍ॅम्बेसेडर किंवा फियाट उभी आहे, त्यांनी हेड खोलण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढावेत, ओतीव क्रमांक वहीत उतरवून घ्यावेत. घासायला दुसरं हेड शोधावं. आणि मूळ हेड, मूळ कार्बोरेटर, मूळ मॅनिफोल्ड तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावेत. ते भंगारात देऊ नयेत.